अंगावरचे दूध आणि अपुऱ्या दिवसांची बाळे : रसायनी परिसरास जाहीर आवाहन

रसायनी, मोहोपाडा आणि पाताळगंगेच्या काठच्या गावांतील माता, त्यांची कुटुंबे व आरोग्यसेवक यांना आवाहन करण्यात येते की, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या दुधाचा प्रश्न त्यांनी केवळ रुग्णालयाचा न मानता गावाचा मानावा. गर्भाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले बाळ अकालजात समजले जाते, आणि त्यांतील फारच लहान बाळांना चोखणे, गिळणे व श्वास घेणे यांचा मेळ घालता येत नसल्यामुळे त्यांना पोटात सोडलेल्या नळीने थोडे थोडे दूध द्यावे लागते.

या बाळांना आईचेच दूध सर्वांत हितकारक असते, कारण आतड्याचा भाग सुजून निकामी होण्याचा जो घातक आजार त्यांना गाठतो, त्याचा धोका पावडरीच्या दुधापेक्षा मानवी दुधावर कमी राहतो. तरीही एक अडचण उरतेच. १ किलो वजनाच्या बाळाला दिवसाला सुमारे १६० मिलिलिटर दूध दिले, तर दर १०० मिलिलिटरमागे साधारण १ ग्रॅम या प्रमाणात त्याला जेमतेम १.६ ग्रॅम प्रथिने मिळतात, आणि वाढीसाठी गरज तर साडेतीन ते साडेचार ग्रॅमची असते. इवल्याशा पोटात याहून फार जास्त दूध मावत नाही, म्हणून तेवढ्याच दुधात अधिक पोषण कसे बसवावे, या विचारातून मानवी दूध घट करण्याचे प्रयोग पुढे आले.

‘घट करणे’ म्हटले की घरोघरी चुलीवर आटणारी बासुंदी आठवते. परंतु उकळण्याने मानवी दुधातील रोगप्रतिबंधक घटक नष्ट होतात, त्यामुळे ती रीत येथे सर्वथा वर्ज्य आहे. दाब कमी केला की पाणी कमी तापमानालाच वाफ होते, हे हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्सच्या वसाहतीत राहिलेल्या कामगारांना वेगळे सांगावे लागणार नाही. याच तत्त्वाने, किंवा दूध गोठवून त्यातील बर्फ निर्वातात थेट उडवून, अथवा सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून पाणी गाळून दूध घट करता येते. मात्र पाणी निघून गेले तरी दुग्धशर्करा व क्षार मागे राहतात. १०० मिलिलिटर दुधात सुमारे ७ ग्रॅम दुग्धशर्करा असते. आकारमान निम्मे झाले की तिचे प्रमाण दुप्पट होते, आणि विरघळलेल्या कणांची ही दाटी कोवळ्या आतड्यावर ताण आणते. म्हणून थंडाव्यात शर्करेचे स्फटिक बनवून ती वेगळी काढावी लागते. हे काम प्रयोगशाळेचे व तज्ज्ञांचे आहे. घरी कोणीही अंगावरचे दूध आटवू नये, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याविना त्यात कोणतीही पूड मिसळू नये.

घट करण्यासाठी असो वा तसेच पाजण्यासाठी असो, आधी दूध हवे, आणि ते केवळ मातांकडूनच येऊ शकते. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली आशियातील पहिली मानवी दुग्धपेढी सुरू झाली, हा महाराष्ट्राला अभिमान वाटावा असा वारसा आहे. अशा पेढीत दात्या मातेची एचआयव्ही, कावीळ ब व उपदंश यांसाठी रक्ततपासणी होते, दूध ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवून निर्जंतुक केले जाते, जंतुतपासणी होते आणि ते उणे २० अंशांवर साठवले जाते. स्वतःचे बाळ पोटभर प्यायल्यावर दूध उरते, अशी निरोगी माता दान करू शकते; मिश्री, तंबाखू वा मद्य घेणाऱ्या मातेने मात्र करू नये. दान विनामोबदला असते, आणि मानवी दुधाचा व्यापार चालणार नाही असे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मे २०२४ मध्ये स्पष्ट बजावले आहे. तेव्हा कोणी पैसे देऊन दूध मागितल्यास ठाम नकार द्यावा. शेजारपाजारी परस्पर दूध देण्याघेण्यातही संसर्गाचा धोका आहे.

सासूबाईंनी व घरच्या वडीलधाऱ्यांनी पहिला चीक टाकून देण्यास सांगू नये, कारण अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी त्या काही थेंबांचे मोल फार मोठे आहे. आशाताई व अंगणवाडी सेविकांनी घरभेटीत, कातकरी व ठाकूर वाड्यांवर विशेषतः, बाळंतिणीला हाताने दूध काढण्याची रीत दाखवावी. कारखान्यांनी कामावर परतलेल्या मातांना दूध काढण्यासाठी स्वच्छ, आडोशाची खोली व शीतकपाट द्यावे. आणि प्रत्येक बाळंतिणीने रुग्णालयातून घरी निघण्यापूर्वी डॉक्टरांना एवढे अवश्य विचारावे, की जवळची मानवी दुग्धपेढी कोठे आहे आणि आपले दूध तेथे कसे पोहोचेल.