अपंगांच्या घरदुरुस्तीस अर्थसाहाय्य हवें

शेतींत यंत्रें आलीं व कष्ट वांचले. परंतु मळणीयंत्र, कडबाकुट्टी व ट्रॅक्टर यांच्या अपघातांत हात किंवा पाय गमावलेले शेतकरीही गांवोगांवीं दिसूं लागले. अशा मनुष्याच्या औषधोपचाराची काळजी सर्व आप्त करितात. पण दवाखान्यांतून परत आल्यावर त्यास ज्या घरांत जन्म काढावयाचा, त्या घराचा विचार क्वचितच होतो. त्याकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

आपलीं घरें धडधाकट माणसासाठींच बांधलेलीं असतात. पावसाचें पाणी आंत येऊं नये म्हणून जोतें उंच, दारास उंबरठा, आणि शौचकूप परसांत. चाकांच्या खुर्चीवर बसणाऱ्यास यांतील प्रत्येक गोष्ट अडसर होय. उतरणीचा सर्वमान्य नियम असा कीं, एक फूट उंचीस बारा फूट लांबी धरावी; म्हणजे दोन फुटी जोत्यास चोवीस फूट उतरण लागेल. दार सुमारें तीन फूट रुंद असावें, शौचकूपांत खुर्चीसारखें बसावयाचें भांडें व भिंतीस धरावयाचा दांडा असावा. गांवच्या गवंड्यास हें काम कठीण नाहीं. अडतें तें पैशापाशीं.

सरकारी मदत मुळींच नाहीं असें नव्हे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेंत दोन अवयव किंवा दोन्ही डोळे गमावल्यास दोन लाख, आणि एक अवयव किंवा एक डोळा गमावल्यास एक लाख रुपये मिळतात. परंतु ज्या घरांत कर्ता पुरुषच अंथरुणास खिळला, तेथें ही रक्कम दवाखान्याच्या देण्यांत व उसनवारी फेडण्यांत संपावयास वेळ लागत नाहीं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या ३७ व्या कलमानें घरवाटपाच्या योजनांत अपंगांसाठीं पांच टक्के राखीव ठेविले आहेत. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागांत सपाट प्रदेशांतील घरास रु. १,२०,००० ची मदत ठरली आहे. पण ती बेघरांस व कच्च्या घरांत राहणाऱ्यांस. ज्याचें पक्कें घर आहे, परंतु ज्यास स्वतःच्याच दाराच्या पायऱ्या चढतां येत नाहींत, तो या योजनेबाहेर राहतो.

इंग्लंडांत या प्रश्नाची सोडवणूक निराळ्या रीतीनें केलेली आहे. तेथें १९९६ च्या कायद्यान्वयें, पात्र अपंगाच्या राहत्या घरांत आवश्यक फेरफार करण्यासाठीं अनुदान देणें स्थानिक संस्थेस बंधनकारक आहे. त्याची मर्यादा ३०,००० पौंड असून अर्जाचा निकाल सहा महिन्यांत द्यावा लागतो. प्रौढ अर्जदाराची सांपत्तिक स्थिति पाहतात. लहान मुलासाठीं काम असल्यास ती पाहत नाहींत. तितका पैसा आपल्यापाशीं नसेल. परंतु मदत काम पाहून, मुदतींत व हक्कानें मिळावी हें तत्त्व आपणांसही घेतां येईल.

त्यासाठीं लागणाऱ्या पैशाचा आरंभ गांवींच होऊं शकतो. महाराष्ट्रांत ग्रामपंचायतीनें स्वतःच्या उत्पन्नाचे पांच टक्के अपंगांच्या कल्याणासाठीं खर्चावे असा नियम आहे. ही रक्कम सर्वांस सारखी वांटून टाकिली, तर प्रत्येकाच्या हातीं थोडे रुपये पडतात व घर एकाचेंही सुधारत नाहीं. अगदीं निर्धनांस रोख मदतीचा आधार असतो, म्हणून ती बंद करावी असें आम्ही म्हणत नाहीं. मात्र ग्रामसभेनें त्यांतील ठराविक भाग घरदुरुस्तीसाठीं वेगळा काढावा व गरजेच्या क्रमानें दरवर्षीं दोन-चार घरें पुरीं करावीं. लहान गांवांचें उत्पन्न अपुरें पडेल हा आक्षेप खरा आहे; तेथें जिल्हा परिषदेनें आपल्या अपंग-निधींतून भर घालावी. उरलेल्या खर्चासाठीं सहकारी संस्थांनीं सौम्य व्याजाचें, लांब मुदतीचें कर्ज द्यावें.

ग्रामसभेंत व संस्थेच्या सभेंत आपणां जमीनधारकांच्या शब्दास वजन असतें. तें या कामीं खर्ची घालावें. जे यंदा नवें घर बांधणार, त्यांनीं निदान एक दार रुंद व एक खोली बिनउंबरठ्याची ठेवावी. म्हातारपण कोणासच चुकलेलें नाहीं. गुरांचा पाय घसरूं नये म्हणून गोठ्याची जमीन जपून करणाऱ्या शेतकऱ्यानें घरच्या माणसास मात्र उंबरठ्याआड कोंडून ठेवावें, हें आपणांस शोभत नाहीं.