मनिलाची ‘मैत्री’
अमेरिका व फिलिपाईन्स यांची मैत्री लोकशाहीच्या बंधुत्वातून उपजली, असे वॉशिंग्टनचे भाट सांगत असतात. ती कशी उपजली ते पाहावे. ४ जुलै १९४६ रोजी फिलिपाईन्स स्वतंत्र झाला. मुहूर्तही अमेरिकेने आपल्याच स्वातंत्र्यदिनाचा काढला! त्याच वर्षीच्या बेल व्यापार कायद्याने पेसो डॉलरला जखडला आणि तेथील खाणी, जंगले व जमिनींवर अमेरिकन भांडवलदारांना नागरिकांच्या बरोबरीचा हक्क मागितला. महायुद्धात मनिला शहर बेचिराख झाले होते. हा करार पत्करल्यावाचून ५०० डॉलरांवरील नुकसानभरपाई मिळणार नव्हती. यास मैत्री म्हणावयाचे, तर सावकारी कशास म्हणावयाचे?

घटनादुरुस्तीस संसदेत तीन चतुर्थांश मते हवी होती. मध्य लुझॉनच्या कुळांनी निवडून दिलेले डेमोक्रॅटिक अलायन्सचे सहा सभासद आडवे आले असते. त्यांच्यावर निवडणुकीतील दहशतीचा ठपका ठेवून त्यांना सभागृहात बसूच दिले नाही. मग मते जमली. पाठोपाठ १९४७ मध्ये लष्करी तळ ९९ वर्षांसाठी आंदण दिले गेले.

१६ सप्टेंबर १९९१ रोजी मात्र सिनेटने १२ विरुद्ध ११ मतांनी तळांचा नवा करार फेटाळला. अमेरिकन सैन्य गेले; पण २०१४ च्या संरक्षण सहकार्य कराराने मागल्या दाराने परतले. २०२३ मध्ये त्याला खुल्या झालेल्या ठिकाणांची संख्या नऊ झाली. चीनची समुद्रातील दांडगाई खरीच आहे. ती आम्ही नाकारीत नाही. परंतु तिचे निमित्त एवढे बळकट होते, तर २०१४ चा करार मंजुरीसाठी सिनेटपुढे नेण्याचे मनिलाच्या राज्यकर्त्यांनी का टाळले?