बिघडला तो भाग बदला, अख्खी वस्तू नको



आजचा विषय लोणच्याचा नाही, पर्युषणाच्या तयारीचाही नाही. विषय आहे इलेक्ट्रिक बेस गिटारचा. लगेच पान मिटू नका. हल्ली भक्तिसंध्येला कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडच्या शेजारी बेस गिटारही दिसते, आणि ती वाजवणारी मुलं आपल्याच घरातली असतात. आमची धाकटी त्यातलीच एक. तिच्या गिटारचा एक पिकअप मुका झाला, तेव्हा घरात दोन तट पडले. एक म्हणे नवी घ्या, दुसरा म्हणे आता शिकणंच थांबवा. नणंदबाई तर म्हणाल्या, "अगं वहिनी, एवढा खर्च करून तिला कुठे ऑर्केस्ट्रात पाठवायचंय?"

माझं मत स्पष्ट आहे. गिटार बदलू नका, शिकणंही थांबवू नका. बिघडलेला पिकअप तेवढा बदला, आणि शक्य असेल तर तो मुलीच्याच हातून बदलून घ्या.

आधी पिकअप म्हणजे काय ते सांगते. तारांच्या खाली जी काळी लांबट डबी दिसते, ती. तिच्या आत लोहचुंबक असतात आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये अगदी थोडी वीज तयार होते. फॅराडेने १८३१ साली दाखवलेलं तत्त्वच हे. ती वीज अॅम्प्लिफायरमध्ये जाऊन आवाज होते. आता एवढी बारीक तार, त्यात खाडीकाठची आपली दिव्याची दमट हवा आणि हाताचा घाम. कुठे गंज चढून तार तुटली, की पिकअप गप्प.

पण तो खरंच मेला आहे का, ते आधी तपासा. पुष्कळदा सोल्डरचा नुसता डाग सुटलेला असतो, आणि तो पुन्हा लावला की काम होतं. मल्टिमीटरने पिकअपच्या दोन वायरींमधला रोध मोजायचा. साधारण सात ते बारा किलोओहम आला तर पिकअप जिवंत आहे. काहीच आकडा आला नाही तर आत तार तुटली. आमचा असाच तुटलेला निघाला.

"स्वस्तातल्या गिटारवर कशाला पैसे घालायचे?" हा प्रश्न वाजवी आहे. मान वाकडी झाली असेल, पट्ट्या झिजल्या असतील, तर नका घालू. पण लाकूड सरळ आणि सूर नीट असताना एका डबीपायी सगळं टाकून देणं मला पटत नाही. नवी गिटार पंधरा हजारांच्या पुढे सांगत होते, आमच्या मापाचा साधा पिकअप दोन हजारांच्या आत आला. शिवाय टाकलेली वस्तू जाते कुठे, हे दिव्यातल्या बाईला कोणी शिकवायला नको. ठाण्याचा कचरा कित्येक वर्षं आपल्याच गावात येऊन पडत होता, आणि त्याच्या धुरात आपण मुलं वाढवली.

ही गिटार बनवणाऱ्यानेही ती दुरुस्त होण्यासारखीच बनवली आहे. अमेरिकेतल्या लिओ फेंडर यांचं मूळ दुकान रेडिओ दुरुस्तीचं. १९५१ साली त्यांनी प्रिसिजन बेस आणली आणि १९६० मध्ये जॅझ बेस. दोन्हींची मान स्क्रूने जोडलेली, पिकअपही स्क्रू काढले की हातात येतात. आज मिळणाऱ्या बहुतेक बेस गिटारी याच धाटणीच्या आहेत.

विकत घेण्यापूर्वी पट्टीने माप घ्या. जॅझ धाटणीत ब्रिजजवळचा पिकअप मानेजवळच्यापेक्षा दोन-अडीच मिलिमीटर लांब असतो. काही गिटारींत मात्र दोन्ही सारखेच. जागा सांगूनच मागा. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलात, तर लॅमिंग्टन रोडला सोल्डर, मल्टिमीटर, वायर, सगळं मिळतं.

एक प्रश्न आपण बायकांनी जरूर विचारावा. वेढे हलून शिट्टीसारखा आवाज येऊ नये म्हणून पिकअप मेणात बुडवतात. पुष्कळ कारागीर पॅराफिनमध्ये थोडं मधमाशांचं मेणही घालतात. आपल्याला ते नको असेल तर आधी विचारून नुसत्या पॅराफिनचा किंवा इपॉक्सीचा घ्यावा. विचारण्यात लाज कसली? मिठाईच्या दुकानात जिलेटिन विचारतोच ना आपण.

आता काम. गिटार अॅम्प्लिफायरपासून सोडवायची, तारा सैल करायच्या आणि जुन्या जोडणीचा फोटो काढून ठेवायचा. जुन्या दोन वायरी सोडवून त्याच जागी नव्या लावायच्या: एक व्हॉल्यूमच्या पॉटच्या पायाला, दुसरी त्याच्या पाठीवर. दोन्ही पिकअप एकत्र वाजवल्यावर आवाज पोकळ वाटला, तर नव्याच्या दोन वायरींची अदलाबदल करायची. शेवटी स्क्रूने उंची जुळवायची. चुंबक तारेच्या फार जवळ गेला तर तार ओढली जाते आणि सूर हलतो.

हे काम स्वयंपाकाच्या ओट्यावर करू नका. सोल्डरमध्ये बहुधा शिसं असतं. खिडकी उघडी ठेवा आणि नंतर हात साबणाने धुवा. "मुलगी भाजून घेईल" असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते, की तीच मुलगी रोज विस्तवावर फुलके फुगवते, तेव्हा ही काळजी कुठे असते? साध्या बेसच्या आत घरातली वीज नसते, जपायचं ते गरम टोकाला.

दुसरी बाजूही सांगायला हवी. चालू पिकअप केवळ कोणाच्या व्हिडिओत आवाज छान वाटला म्हणून बदलायचा, मग तिसरा आणायचा, ही दुरुस्ती नव्हे, हाव आहे. कपाट भरलेलं असताना पुन्हा साडी घेण्यासारखंच ते. मुलांना हा फरक घरातच शिकवावा लागतो, आणि अपरिग्रहावरच्या प्रवचनापेक्षा असं एक काम तो लवकर शिकवतं.

माझ्या लेखी खरा लाभ पैशांचा नाही. उद्या तिच्या सासरी मिक्सर बंद पडला, तर ती आधी झाकण उघडून पाहील. वस्तू बिघडली की कोणा पुरुषाची वाट पाहायची, नाहीतर टाकून द्यायची, हे दोनच मार्ग आपल्या पिढीला माहीत होते. मुलींना तिसरा मार्ग दाखवणं आपल्या हातात आहे. पुढच्या सुट्टीत घरातली एक बंद वस्तू काढा आणि मुलीच्या हातात स्क्रू ड्रायव्हर द्या.