बडतर्फीने संप मिटतो काय?

ठाणे पूर्वेच्या कोपरीतून रेल्वे स्थानक ओलांडले की पलीकडे एसटीचे स्थानक लागते. २०२१ च्या दिवाळीत राज्यभरातील अशी स्थानके ओस पडली. महामंडळाच्या शासनातील विलीनीकरणासाठी पुकारलेला तो संप सुमारे साडेपाच महिने चालला. कल्याणहून मुरबाडला जाणाऱ्या विद्यार्थ्याला रेल्वेचा पर्याय नाही. त्याचे हाल कोणत्याही कामगार संघटनेने नजरेआड करू नयेत. लोकसेवेतील संप हे अखेरचे अस्त्रच असावे.

पण प्रशासनाने काय केले? निलंबन, रोजंदारीवरील कामगारांची सेवासमाप्ती आणि अखेर दहा हजारांच्या घरात बडतर्फी. तरी संप मिटला नाही. तो मिटला एप्रिल २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने २२ तारखेपर्यंत कामावर परतण्याची मुदत दिली आणि परतणाऱ्यांना नोकरीचे संरक्षण मिळाले तेव्हा. मधल्या काळात कित्येक कर्मचाऱ्यांनी आत्महत्या केल्या. चालक-वाहकांच्या या उद्ध्वस्त संसारांचा हिशेब कोणत्या ताळेबंदात मांडायचा?

तमिळनाडू सरकारने २००३ मध्ये दीड लाखांहून अधिक कर्मचारी एका फटक्यात काढले. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना संपाचा हक्क नाकारला खरा. परंतु बहुतेकांना परत घ्यावेच लागले. अमेरिकेत रेगन यांनी १९८१ मध्ये अकरा हजारांवर हवाई वाहतूक नियंत्रकांना घरी बसवले. त्या धडाडीचे आपल्याकडील काही उद्योगपतींना आजही कौतुक वाटते! बदली माणसे तयार करण्यात तेथे वर्षे गेली, हे मात्र कोणी सांगत नाही.

बस फोडणाऱ्यावर, सहकाऱ्याला मारहाण करणाऱ्यावर रीतसर चौकशीअंती कठोर कारवाई झालीच पाहिजे. केवळ संपात सामील झाला म्हणून कुणाची आयुष्यभराची भाकरी हिरावणे हा निराळा प्रकार आहे. संपकाळाचे वेतन तो गमावतोच. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने संपापूर्वी चौदा दिवसांची सूचना बंधनकारक केली आहे. बेकायदा संपात उतरणाऱ्या कामगाराला तिने सांगितलेली शिक्षा हजार ते दहा हजार रुपये दंड किंवा महिन्यापर्यंतची कैद, अथवा दोन्ही, एवढीच आहे. मालकाचा दंड कायद्याच्या दंडापेक्षा जड का असावा?

दत्तोपंत ठेंगडींनी मालक-मजुरांकडे एक औद्योगिक कुटुंब म्हणून पाहिले. कुटुंबात रुसलेल्याला घराबाहेर काढत नाहीत. त्याचे ऐकतात, तेही वेळेत. एसटीच्या विलीनीकरणावर समिती नेमली गेली ती संप पेटल्यानंतर. सूचनेच्या त्या चौदा दिवसांतच लवादाने दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवण्याची सक्ती आधी व्हावी. बडतर्फीचा अधिकार मागणाऱ्यांनी मग बोलावे.