रुमालाखालची जाहिरात

जाहिरातींची निंदा करणें हा जुना छंद आहे व त्यांत भर घालण्याची आमची इच्छा नाहीं. भिंतीवरची जाहिरात कितीहि भडक असली तरी ती माणसाला दिसते. तिला हंसतां येतें, तिच्याकडे पाठ फिरवितां येते. आमचा आक्षेप आहे तो माणसाला दाखविलीच न जाणाऱ्या जाहिरातीवर.

खरेदीचें काम कृत्रिम बुद्धिमत्तेच्या गुमास्त्यावर सोंपविण्याची सोय आतां झाली आहे. २०२५ च्या सप्टेंबरांत अमेरिकेंत चॅटजीपीटीशीं बोलतां बोलतां माल विकत घेण्याची व्यवस्था जाहीर झाली. पुढच्याच महिन्यांत यूपीआयच्या द्वारें तशाच प्रयोगाची घोषणा आपल्या देशांतहि झाली. साहजिकच विक्रेत्याची नजर गिऱ्हाइकावरून गुमास्त्याकडे वळली. या गुमास्त्याला रंग, गाणें, नटीचें हास्य यांचें सोयरसुतक नाहीं. त्याला वश करावयाचें तें शब्दांनीं.

यंत्राला लोभ नाहीं, म्हणून तें निःपक्षपातानें निवड करील, असें या व्यवस्थेचे भाट सांगतात. लोभ नाहीं हें खरें. पण भोळेपणा आहे. २०२४ सालीं हार्वर्ड विद्यापीठांतील दोघां संशोधकांनीं कॉफीच्या काल्पनिक यंत्रांची यादी अशा एका बुद्धिमत्तेपुढें ठेविली. महाग म्हणून सहसा न सुचविल्या जाणाऱ्या एका यंत्राच्या माहितींत त्यांनीं मुद्दाम रचलेली, वाचणाराला निरर्थक वाटावी अशी अक्षरमाला घातली. तेंच यंत्र शिफारशींत अग्रस्थानीं आलें! यंत्र सुधारलें नव्हतें, किंमत उतरली नव्हती. मालकाची आज्ञा आणि दुकानदाराचें वर्णन या गुमास्त्याच्या कानीं एकाच वाटेनें जातात. आज्ञा कोणती व आर्जव कोणतें हें त्याला खात्रीनें ओळखतां येत नाहीं.

आपल्या बाजारपेठांत पूर्वीं हत्ता पद्धत होती. अडत्या व व्यापारी रुमालाखालीं बोटें दाबून भाव ठरवीत, आणि ज्याचा माल तो शेतकरी शेजारीं उभा राहून नुसता रुमाल पाही. अडत्या स्वतःला शेतकऱ्याचाच म्हणवीत असे! पुढें नियंत्रित बाजारांत उघड लिलावाचा नियम करावा लागला. तोच रुमाल आज पुन्हां पसरला जात आहे. आणि नुकसान केवळ गिऱ्हाइकाचें नाहीं. ज्याला हे मंत्र ठाऊक नाहींत, अगर ठाऊक असून म्हणावयाचे नाहींत, त्या प्रामाणिक विक्रेत्याचा उत्तम जिन्नसहि यादीच्या तळाशीं पडून राहील.

कायदा काय म्हणतो? मुखत्यारानें मालकाच्या सूचनांप्रमाणें वागावें असें १८७२ चा करार कायदा सांगतो. पण तेथें मुखत्यार म्हणजे व्यक्ति. यंत्राला ना अब्रूची चाड, ना शिक्षेचें भय. २०२३ च्या नोव्हेंबरांत केंद्र सरकारनें ग्राहकाला फसविणाऱ्या मांडणीचे १३ प्रकार निषिद्ध ठरविले; पण त्यांत गृहीत धरला आहे तो मनुष्याचाच डोळा.

आमची मागणी साधी आहे. माझ्या गुमास्त्याला जें सांगितलें जातें तें मला वाचावयास मिळालें पाहिजे, आणि त्याच्या कानांत चोरून मंत्र घालणाऱ्या विक्रेत्याला दंड झाला पाहिजे. गिऱ्हाइकाला मोह घालणारा दुकानदार जगांत नेहमींच होता व राहील. पण मालकाच्या नकळत त्याचा चाकर वळवून घेण्याला आपल्या भाषेंत पूर्वींपासून एक शब्द आहे, आणि तो जाहिरात नव्हे. त्याला फितुरी म्हणतात.