बी जाते, तेव्हा बोलीही जाते

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि महाराष्ट्रात सर्वत्र आनंद झाला. तो उचितच होता. मराठी सारस्वताचा मुकुटमणी असलेली ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये प्रवरेच्या काठी, नेवासे येथे सांगितली गेली. परंतु त्याच प्रवरेच्या उगमाशी, रतनगडाच्या पायथ्याशी, मराठीची एक जिवंत शाखा आज वाळत चालली आहे, याची जाणीव सत्कार समारंभांत रमलेल्या आपल्यापैकी किती जणांना आहे?

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा. त्याच्या पश्चिम टोकाला घाटघर परिसरात वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, तर पूर्वेकडे कर्जत, पाथर्डीच्या माळावर पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पडला तरी शेतकरी समाधान मानतो. कळसूबाईच्या सावलीत भातखाचरे आहेत आणि रेहेकुरीच्या गवताळ रानात काळवीट. जेथे भूमी एवढी बदलते, तेथे पीक, पशू, दैवत आणि शब्द एकच कसे राहतील?

अकोले तालुक्यातील डांगाण पट्ट्याचेच उदाहरण घ्या. तेथील महादेव कोळी व ठाकर समाजाच्या बोलीत भाताचे हळवा, निमगरवा आणि गरवा असे प्रकार आहेत. ज्या खाचरातले पाणी लवकर ओसरते तेथे हळवा, जे खोलगट खाचर दीर्घकाळ ओल धरते तेथे गरवा, मधल्यात निमगरवा. डोंगरउताराची जमीन ती वरकस. तिच्यावर नागली, वरई, खुरासणी. राब भाजणे, आवणी करणे या क्रियापदांत सबंध वर्षाचे शेतीशास्त्र साठवलेले आहे. हे शब्द ज्याच्या मुखी आहेत, त्याला आपल्या जमिनीचा स्वभाव ठाऊक आहे. सगळ्या खाचरांत एकाच पिशवीतले एकच बियाणे पडू लागले की हळवा-गरवा हा भेद निरर्थक होतो; मग शब्द जातो, आणि शब्दापाठोपाठ खाचराची पारखही जाते.

कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी हे संकट ओळखले. शाळेची पायरीही न चढलेल्या या माउलीने गावोगाव हिंडून देशी वाणांचे बी जमवले, 'बाएफ' संस्थेच्या साहाय्याने बीजकोश उभारला आणि २०२० च्या पद्मश्री सन्मानितांत तिचे नाव आले. काळभात, रायभोग, वालाचे कितीतरी वाण ही त्या बीजकोशाची संपत्ती. परंतु तिच्या डब्यांत केवळ बी नाही. कोणते बी राखेत ठेवायचे, कोणते बाळंतिणीला द्यायचे, कोणता वाण कमी पावसात तगतो, हे ज्ञान त्या बियाभोवती आहे, आणि ते बोलीत आहे. शीतगृहात बी टिकेल. बोली शीतगृहात टिकत नाही.

जी गोष्ट बियाची, तीच पशूंची. डांगी गाईची कातडी तेलकट असते आणि खूर काळे, टणक असतात. म्हणून धो धो पावसात आणि चिखलातही ती तगते. राजूरला या जनावरांचे प्रदर्शन भरते. भूमी डांगाण, गाय डांगी, बोली डांगाणी! ही तिन्ही नावे एकाच मुळाची असावीत, हा योगायोग नव्हे.

आणि श्रद्धांचे काय? आश्विन वद्य द्वादशीला आपण घरोघरी वसुबारस साजरी करतो, गाय-वासराची पूजा करतो. त्याच सुमारास सह्याद्रीच्या रानातला आपला बांधव वाघबारस पाळतो आणि वाघदेवाला नैवेद्य दाखवतो. ज्याची गुरे वाघ-बिबट्याच्या रानात चरतात, त्याने वाघालाही देव मानावे, यात केवढे शहाणपण आहे! पण एकच पद्धत 'शुद्ध' आणि दुसरी 'मागास' असे मानणारे सुशिक्षित आपल्यातही आहेत. एकात्मता आणि एकसाचीपणा यांतला भेद त्यांना उमगलेला नाही. वटवृक्षाच्या पारंब्या छाटून वृक्ष बळकट होत नाही.

दुसऱ्या टोकाला, भेद दिसला की त्यातून फूट शोधणारे विद्वान आहेत. बोली निराळी म्हणजे समाज निराळा, समाज निराळा म्हणजे संस्कृती परकी, असा त्यांचा सिद्धान्त. वाघबारस आणि वसुबारस यांना एकाच पंचांगाने जोडले आहे, हे त्यांना दिसत नाही. दोघांचेही निदान चुकते, कारण दोघांनाही विविधता ही अडचण वाटते. एकाला ती पुसायची असते, दुसऱ्याला वापरायची.

व्यवहारी माणूस विचारील, शब्द गेल्याने कोणाचे काय बिघडते? त्याने हळदीचा खटला आठवावा. हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणाचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. पुरावा कोठून आला? त्यात आपले जुने संस्कृत ग्रंथही होते. ज्ञान शब्दबद्ध होते म्हणून ते वाचले. मग डांगाणातल्या ज्या वनस्पतीचा गुण केवळ एखाद्या वृद्ध ठाकर आजीच्या तोंडी आहे, तिच्यावर उद्या कोणी हक्क सांगितला, तर आपण कोणता ग्रंथ पुढे करणार?

जैवविविधता कायदा २००२ मध्ये झाला. त्यानुसार गावागावांत लोकजैवविविधता नोंदवही असावी लागते. ही नोंदवही म्हणजे गावाच्या ज्ञानाचा सातबाराच होय. ती तालुक्याच्या कार्यालयात बसून, शेजारच्या गावाची प्रत काढून भरली गेली, तर तो सातबारा कोरा राहतो. जनगणनेचाही असाच अनुभव आहे. १९६१ मध्ये १६५२ मातृभाषांची नोंद झाली. १९७१ पासून दहा हजारांहून कमी लोक बोलतात त्या मातृभाषा स्वतंत्रपणे दाखवल्याच जात नाहीत. जे मोजले जात नाही, ते सांभाळले जात नाही.

सधन प्रवरा पट्ट्यातील वाचकांना एक गोष्ट विशेषत्वाने सांगायची आहे. भंडारदरा धरण १९२६ मध्ये पुरे झाले आणि अकोल्याच्या डोंगरातले पाणी कालव्यांनी खालच्या तालुक्यांत खेळू लागले. त्यावर ऊस पिकला, १९५० च्या सुमारास लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, समृद्धी आली. ती स्वागतार्हच आहे. पण आज तेथे शिवारभर एकच पीक आणि वाणांना नावांऐवजी आकडे, ८६०३२ आणि २६५! संशोधकांच्या श्रमांविषयी आदर बाळगूनही विचारले पाहिजे की, ज्या डोंगराने पाणी दिले, त्या डोंगराचे ऋण आपण कशाने फेडले?

ते फेडण्याचे मार्ग अवघड नाहीत. आश्रमशाळेतल्या मुलाच्या बोलीला 'अशुद्ध' म्हणणे शिक्षकांनी आजपासून थांबवावे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने मातृभाषेतील प्राथमिक शिक्षणाचा आग्रह धरलेलाच आहे. गावची नोंदवही मुलांनी आजी-आजोबांना विचारून, त्यांच्याच शब्दांत पुन्हा लिहावी. सुटीत अशा गावी आठ दिवस राहून हे काम करणे कार्यकर्त्यांना सहज शक्य आहे. शहरातील कुटुंबांनी वर्षातून निदान काही पायली काळभात व नागली थेट डांगाणातल्या शेतकऱ्याकडून रास्त भावाने घ्यावी. ताटात आले तरच शेतात राहील, आणि शेतात राहिले तरच ओठांवर राहील.

ज्ञानदेवांनी नेवाशात गीतेचा अर्थ लोकांच्या बोलीत आणला, कारण ज्ञानावर सर्वांचा अधिकार आहे असे त्यांनी मानले. आज प्रवाह उलटा वाहायला हवा. उगमाकडच्या लोकांच्या बोलीतले ज्ञान आपण नम्रतेने ऐकून घेतले पाहिजे. अभिजातपणाचा मान आपण मिरवतो. त्याची जबाबदारीही आपल्यावरच आहे.