पहाणी संगणकावर, भिस्त सर्व्हरवर

कर्नाटकात २००० च्या सुमारास ‘भूमी’ प्रकल्पाने जमिनीच्या नोंदी संगणकावर आणल्या आणि हस्तलिखित पहाणीची, म्हणजे जमीन उताऱ्याची, वैधता संपुष्टात आली. तेव्हापासून बिदर जिल्ह्यातील औरादसारख्या सीमावर्ती तालुक्यात सर्व्हर बंद पडला की पीककर्जाचा अर्जही खोळंबतो. कर्मचाऱ्याची ओळख बोटांच्या ठशांवरून पटवून प्रत्येक फेरफाराची नोंद ठेवणे, ही या यंत्रणेची जमेची बाजू. त्यातून गैरप्रकारांना आळा बसतो. बिघाड मात्र टळत नाही. त्यासाठी नेटवर्कवर अखंड देखरेख, अन्यत्र जपलेला बॅकअप आणि त्यातून नोंदी पुन्हा उभ्या करण्याची नियमित चाचणी अपरिहार्य ठरते. गोव्यातील एक-चौदाचा उताराही आता ऑनलाइन मिळतो. त्यामुळे हा प्रश्न औरादपुरता मर्यादित राहत नाही.